तळव्यांनी पाहिलेलं मैदान

फोन आला तेव्हा मी नववीच्या वर्गात फळ्यावर हिंदीचे विलोम शब्द लिहीत होते. तासाला फोन बंद ठेवायचा, हे मी पोरींना रोज ऐकवते. पण त्या दिवशी माझा स्वतःचा फोन टेबलावर सुलटा ठेवलेला होता. त्यावर मिलिंदचं नाव उमटलं. मिलिंद म्हणजे निर्मलाताईंचा धाकटा भाऊ, चार दिवसांपासून नांदेडच्या दवाखान्यात त्यांच्यापाशी बसून होता. मी फोन उचलला नाही. तो वाजून बंद झाला, पुन्हा वाजला, पुन्हा बंद झाला, आणि मी खडू धरून फळ्याकडे तोंड करून उभी... जोवर उचलत नाही तोवर ताई आहेत, असं काहीतरी डोक्यात होतं. तिसऱ्यांदा वाजला तेव्हा पहिल्या बाकावरची मुलगी म्हणाली, "मॅडम, घ्या की." मग घेतला. मिलिंद रडत नव्हता. "अक्का गेली," एवढं म्हणाला आणि मग रुग्णवाहिकेचं, कागदपत्रांचं सांगत राहिला. त्यातलं मला काही ऐकू आलं नाही.

मी भित्री आहे. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण पुढचं बरंचसं त्यामुळेच घडलं. मुखेडला आमच्या घरात शिवणकाम चालत आलेलं. माझे मिस्टर आजही दुकानात मशीनवर बसतात, मी शाळेत हिंदी शिकवते. शिरीन आमची एकुलती एक. ती कोपऱ्यावरून दही आणायला गेली आणि चार मिनिटांची सात मिनिटं झाली की मी दारात. कुत्री, बाजारातली रेटारेटी, अनोळखी नंबरवरून आलेला फोन, शुगरचा रिपोर्ट... या सगळ्याला मी घाबरते. मिस्टर चिडवतात की हिला घाबरायला कारण लागत नाही, सवड लागते. अशा बाईच्या दारात एका संध्याकाळी निर्मलाताई येऊन उभ्या राहिल्या. मागच्या गल्लीतल्या अंगणवाडीत त्या मदतनीस होत्या. पन्नाशी ओलांडलेली, उंच, हाडापेराने मोठी बाई. पदर कमरेला खोचलेला आणि आवाज असा की अंगणवाडीतल्या पोरांना झोपवण्याऐवजी उठवायलाच ठेवलं असावं.

"मॅडम, तुमची पोरगी शाळेचा जिना तीन-तीन पायऱ्या गाळून उतरते. आठ दिवस झाले, मी बघून राहिले. ती मला द्या."

"द्या म्हणजे?"

"कबड्डीला हो. लग्नाला न्हाई मागून राहिले."

मशीनवर बसलेले मिस्टर हसले आणि तिथेच माझी बाजू लंगडी पडली. मी म्हटलं, पोरगी मोठी झाली, मैदान उघडं, लोक बघतात, पडली-मोडली तर... ताई ऐकून घेत होत्या. किनवटकडच्या एका आश्रमशाळेत त्या शिकल्या होत्या. मजुरी करणाऱ्या बापाने तिथल्या वसतिगृहात ठेवलं होतं, तिथेच त्यांना कबड्डी लागली. दहावीनंतर लग्न झालं आणि खेळ सुटला. पुढे नवराही सुटला, पण खेळ परत यायला तीस वर्षं लागली, हे त्या मोठ्या गमतीने सांगायच्या. त्या दिवशी मात्र एवढंच म्हणाल्या, "भ्या वाटतंय न्हाई का? मग तुम्ही बी या संगं. बसा कडेला. तुमच्या डोळ्यांम्होरं खेळू द्या." मिस्टरांनी लगेच दुजोरा दिला. अशी मी मुखेडच्या मुलींच्या कबड्डी संघाची पहारेकरीण झाले.

मैदान म्हणजे आठवडी बाजाराची जागा. बाजाराच्या दिवशी तिथे पाय ठेवायला जागा नसते आणि दुसऱ्या दिवशी पाय ठेवायची सोय नसते. पालांचे खिळे, तारांचे तुकडे, बाभळीच्या काट्या, फुटलेल्या बाटल्या. आणि वडाच्या बाजूला, जिथे बांगड्यावाल्या बसतात, तिथे मातीत मिसळलेल्या बांगड्यांच्या काचा. पोरी खेळायच्या अनवाणी. म्हणून ताईंची एक रीत होती. त्या रोज सगळ्यांच्या आधी यायच्या, चपला कडेला काढायच्या आणि अनवाणी पायांनी सगळं मैदान चालून काढायच्या. पाय उचलून नाही, घासत, माती चाचपत. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, मग हातभर सरकून परत. काही लागलं की वाकायच्या, उचलायच्या, ओच्यात टाकायच्या. डोळ्यांनी का बघत नाही, असं मी पहिल्याच आठवड्यात विचारलं. "काच डोळ्याला दिसत न्हाई मॅडम, तळव्याला दिसते. आन् पोरी अनवाणी पळणार, मी चप्पल घालून मैदान बघितलं तर काय बघितलं?" त्यांचं चालणं संपेपर्यंत एकाही पोरीला रेषेच्या आत यायची परवानगी नव्हती. चालून झालं की दोन्ही हात वर करायच्या, आणि पोरी ओरडत आत शिरायच्या.

सुरुवातीला चौघी होत्या. पहिले काही महिने मी मैदानाकडे कमी आणि रस्त्याकडे जास्त बघायचे. मोटारसायकली थांबायच्या, मोबाईल वर व्हायचे. मी शिरीनला हाक मारायला उठायचे. ताई एकदा फक्कीची बादली घेऊन सरळ त्या तीन-चार गड्यांपाशी गेल्या. "बघून राहिले न्हाई का? मग या, जरा रेषा मारू लागा." दोघे पळाले. तिसऱ्याने खरंच वाकड्यातिकड्या रेषा मारल्या, आणि पुढच्या वर्षी त्याची धाकटी बहीण खेळायला आली. तीच रोहिणी, आज आमची कर्णधार. हळूहळू पंधरा झाल्या, मग पंचवीस. घरची आई कडेला बसली की मुलगी येते, हे ताईंना नेमकं कळलं होतं. कडेला बायांची रांगच लागायला लागली. कुणी मेथी निवडतेय, कुणी पोर पाजतेय. एका रविवारी ताईंनी आम्हा आयांनाच मैदानात उतरवलं. मी चढाईला गेले आणि "कबड्डी" दोनदा म्हणून तिसऱ्यांदा हसतच बसले. शिरीनने इतकी टाळी पिटली की मला वाटलं, हिने मला आजवर अशी कधी पाहिलीच नसावी.

ताईंना आणि मला जोडणारी आणखी एक गोष्ट होती, आमची शुगर. त्यांना जुनी, मला नवी. मैदानाच्या कडेला थर्मासमधला बिनसाखरेचा चहा आम्ही दोघीच प्यायचो. गोळ्या त्या आठवतील तशा घ्यायच्या. मी वेळेवर घ्यायचे, पण तपासणीला जायची माझी छाती होत नसे. आकडा कळला की आजार खरा होतो, अशी माझी समजूत. त्या मला भित्री म्हणायच्या, मी त्यांना बेफिकीर म्हणायचे. तेवढ्यावर विषय संपायचा.

मग ती सकाळ. बाजाराचा दुसरा दिवस होता. मी शिरीनला घेऊन लवकर पोचले होते. ताई वडाच्या बाजूने चालत येत होत्या, नेहमीसारख्या, पाय घासत. वळताना त्यांनी टाच उचलली आणि मला त्या टाचेत हिरव्या बांगडीचा तुकडा उभा रुतलेला दिसला. चांगला बोटाच्या पेराएवढा. मागे मातीत थेंब पडले होते. मी ओरडले, "ताई, थांबा!" त्यांनी मागे वळून बघितलं, मी दुसऱ्याच कुणाला हाक मारली असावी असं. आणि चालत राहिल्या... तीन पावलं, चार पावलं, त्याच टाचेवर. मी धावत जाऊन त्यांना दगडावर बसवलं. मी तुकडा ओढून काढला. त्या मात्र निवांत बसून रक्ताकडे बघत होत्या. "कळलंच न्हाई हो मला," म्हणाल्या. पोरी येताना दिसल्या तेव्हा टाच पदराने पुसून म्हणाल्या, "पोरींना सांगू नका, मॅडम. घाबरतील. घरचे बंद करतील."

त्या क्षणी मला जी भीती वाटली तिला दोन तोंडं होती, आणि दोन्ही मी लपवली. एक भीती ताईंच्या पायाची. दुसरी त्या मैदानाची, कारण ज्या तळव्यांवर विसंबून पंचवीस पोरी त्या मातीवर अंग टाकत होत्या त्या तळव्यांना आता काही दिसत नव्हतं. किती दिवसांपासून दिसत नव्हतं, कोण जाणे. ताईंचे हात वर झाले की पोरी आत धावायच्या, त्यांत माझी शिरीनही. मी काय करायला हवं होतं हे आज मला लख्ख दिसतं. ताईंना हाताला धरून डॉक्टरकडे न्यायला हवं होतं. मी झाडायला लागले. उजाडता उजाडता खराटा घेऊन जायचे, वडाची बाजू झाडून घ्यायचे आणि ताई यायच्या आत खराटा झुडपात लपवायचे. ताई झाडलेल्या मैदानावरून पाय घासत जायच्या. त्यांना मातीवरच्या रेघा दिसत असणारच. त्या काही बोलल्या नाहीत, मीही बोलले नाही. दोघीही आपापलं काम चोख करत होतो, असंच आम्ही ठरवून टाकलं होतं.

उदगीरहून निमंत्रण आलं ते याच दिवसांत. महिलांचे खुले सामने, आजूबाजूच्या तालुक्यांतले संघ येणार. आमच्या पोरी मुखेडबाहेर कधी खेळलेल्या नव्हत्या. सातजणींत शिरीनचं नाव लागलं. सामन्यांना तीन आठवडे उरले असताना एके दिवशी ताई चपलेत मोजे घालून आल्या. गड्यांचे असतात तसे तपकिरी मोजे. मैदान चालतानाही त्यांनी ते काढले नाहीत. मी विचारलं तेव्हा म्हणाल्या, अंगठ्याखाली जरा चिघळलंय, हळद भरली आहे. मी म्हटलं, दवाखान्यात चला. एकदाच म्हटलं.

"उदगीर होऊ द्या. आता गेले तर डॉक्टर बसवून ठेवतोय मला. मग पोरींना कोण नेतंय? तुम्ही?"

मी विषय सोडून दिला. एवढ्या पोरींना एकटीने एसटीत घालून परक्या गावात न्यायचं, हे मला पेलणारं नव्हतं. पण तेवढंच कारण नव्हतं. ताई गेल्या नाहीत तर संघ जाणार नाही, आणि संघ गेला नाही तर शिरीन खेळणार नाही. जी बाई मुलीला दह्याला पाठवायला घाबरायची तिला आता मुलगी उदगीरच्या मैदानात बघायची होती. माझ्या भीतीपेक्षा माझी हौस मोठी निघाली, आणि तिची किंमत दुसऱ्याच बाईच्या पायाने दिली.

उदगीरला दोन सामने जिंकलो. एवढी गर्दी मी मुलींसाठी जमलेली कधी पाहिली नव्हती. अडतीतले हमाल, शाळांच्या पोरी, कडेवर लेकरं घेतलेल्या बाया. शेवटच्या सामन्यात शिरीन चढाईला गेली आणि चौघींनी तिला गुडघ्यांत धरून खाली आपटलं. सगळ्या उठल्या, ती उठेना. ताई रेषेपाशी उभ्या होत्या, त्या आजारी पायावर सकाळपासून उभ्या होत्या. तिथूनच ओरडल्या, "शिरे, झोप घरी जाऊन!" आणि माझी लेक माती झटकत उठली. आम्ही दोन गुणांनी हरलो. रडणाऱ्या पोरींना ताई म्हणाल्या, "दोनच? दोन तर माझ्या ताटातून सांडतात." परतीच्या एसटीत पोरी घसा बसेपर्यंत गात होत्या. मी ताईंच्या शेजारी बसले होते. त्यांचं अंग तापलं होतं, ते मला बाहीवरून कळत होतं. आणि वास येत होता. गोडसर, कुजका... तो कशाचा हे मला ठाऊक होतं. मी खिडकी उघडली.

दुसऱ्या दिवशी मिलिंद त्यांना घेऊन नांदेडला गेला. मी संध्याकाळी पोचले. पायावरचं कापड काढलेलं होतं. मी एकदाच बघितलं, पुन्हा बघायची हिंमत झाली नाही. डॉक्टर तरुण होत्या, थकलेल्या दिसत होत्या. त्यांनी विचारलं, "ही जखम कधीपासून आहे?" ताई म्हणाल्या, "परवापासून." डॉक्टरांनी मान वर करून मिलिंदकडे बघितलं. त्याला काहीच माहीत नव्हतं. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. ताईही माझ्याकडे बघत होत्या. तीन आठवडे, एवढे दोनच शब्द होते. ते माझ्या जिभेवर आले, आणि मला वाटलं, आता विचारतील की तुम्हाला माहीत होतं तर आणलं का नाही... मी म्हणाले, "मला काही कल्पना नाही." डॉक्टरांना जे दिसायचं ते दिसतच होतं. दुसऱ्या दिवशी पाय गुडघ्याखाली काढला, पण विष वर चढलेलं होतं. माझ्या दोन शब्दांनी तेव्हा काही बदललं असतं असं नाही. तीन आठवड्यांपूर्वी बदललं असतं. निघताना ताईंनी माझा हात दाबला. त्यांना वाटलं, मी त्यांचा शब्द पाळला.

आता सहा आठवडे होत आले. अंत्ययात्रेला सगळ्या पोरी संघाच्या गणवेशात आल्या होत्या. गावात लोक मला थांबवून म्हणतात, मॅडम, तुम्ही त्यांना किती साथ दिली. मला उलटं पळावंसं वाटतं. पहिले दोन आठवडे मी मैदानाकडे फिरकले नाही. मग लातूरहून सामन्यांचं बोलावणं आलं, आणि रोहिणी घरी येऊन म्हणाली की सोबत मोठी बाई असल्याशिवाय घरचे सोडत नाहीत, तुम्ही चला. तुमच्याशिवाय कुणी न्हाई, मॅडम. मी हो म्हणाले. पण झोप उडाली. ज्या पोरींना घेऊन मी लातूरला जाणार त्यांना मी कोण आहे हे माहीत नव्हतं.

गेल्या आठवड्यात, लातूरला जायला पाच दिवस उरले असताना, मी त्यांना वडाखाली बसवलं आणि सगळं सांगितलं. बांगडीचा तुकडा, खराटा, मोजे, डॉक्टरांचा प्रश्न. मला वाटलं, उठून जातील. जायलाच हव्या होत्या. कुणी हललं नाही. मग रोहिणी मातीत रेघ ओढत म्हणाली, "आम्हाला माहीत व्हतं, मॅडम. एसटीत वास येत व्हता की."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही बी बोलल्या न्हाई."

शिरीन माझ्याकडे न बघता म्हणाली, "अम्मी, उदगीरला नळावर मी ताईंचा मोजा धुतला होता. त्यांनी सांगितलं, कुणाला सांगू नको." माझी सोळा वर्षांची मुलगी हे पोटात घेऊन सहा आठवडे माझ्या शेजारी झोपत होती, आणि मी तिच्या. पंचवीस पोरी आणि एक बाई, सगळ्यांना माहीत होतं. सगळ्यांना सामना हवा होता, आणि सगळ्या एकमेकींना घाबरून गप्प होतो. ताईंनी आम्हाला पकड शिकवली, दम शिकवला, गड्यांच्या नजरेला नजर द्यायला शिकवलं. दुखणं सांगायला मात्र त्या स्वतःच शिकल्या नव्हत्या, मग आम्हाला कुठून शिकवणार?

रोहिणीची मावशी दवाखान्यात परिचारिका आहे. दुसऱ्या दिवशी पोरींनी तिला मैदानावर आणलं. शुगरने तळवा बधिर होतो, जखम झाली तरी कळत नाही, असं तिने सांगितलं, आणि तिने दाखवलं तसं आता खेळाआधी होतं. आधी सगळ्या मिळून मैदान झाडतात. मग दोन रांगांत समोरासमोर बसतात, एकीचा पाय दुसरीच्या मांडीवर. जिचा पाय ती डोळे मिटते. दुसरी बोटाने दाबते, हिने सांगायचं, कुठे दाबलं. पोरींना गुदगुल्या होतात, मैदानभर खिदळणं चालतं. कडेला बसलेल्या आयांनाही त्यांनी ओढलं. कालपर्यंत मी काही ना काही सबब सांगून बाजूला राहिले. काल शिरीन माझ्यासमोर येऊन बसली. "अम्मी, चप्पल काढा."

"माझं काय? मी कुठे खेळते?"

"शुगर आहे ना तुम्हाला?"

सगळ्या बघत होत्या. लातूरची एसटी दोन दिवसांवर आली होती, आणि न्यायला माझ्याशिवाय कुणी नव्हतं. मी मातीत बसले, पाय तिच्या मांडीवर ठेवला, डोळे मिटले. "अंगठा," मी म्हणाले. बरोबर होतं. "टाच." तेही बरोबर. उजवा पाय झाला, तिने डावा घेतला. मग काही झालं नाही. मी वाट बघत राहिले. शेजारचं खिदळणं थांबलं, आयांची बोलणी थांबली, वडावरचे पक्षी तेवढे ऐकू येत होते, आणि त्या शांततेवरून मला उमगलं की शिरीन दाबून धरून बसली आहे. कुठे, ते मला माहीत नव्हतं. करंगळी म्हणून बघता आलं असतं. मधला भाग म्हणून बघता आलं असतं, चारातलं एखादं उत्तर बरोबर निघालंच असतं. माझ्या छातीत इतकं धडधडत होतं की ते तिला माझ्या पायातून कळलं असेल.

"नाही कळत, बेटा," मी म्हणाले.